ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख मिळतं, वेळेचा हिशेब आपणच करायचा

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती लांब, हा प्रश्न इंटरनेटवर टाकला की पानभर आकडे येतात. कुठे १२,५३०, कुठे १२,५५०, कुठे ७,८००, तर कुठे चक्क ६,७८०. वाचणारा गोंधळतो, पण गंमत अशी की चारही आकडे बरोबर आहेत. पहिला पृथ्वी अगदी गोल धरून काढलेला, किलोमीटरमध्ये. दुसरा पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे हे धरून काढलेला. तिसरा मैलांत आणि चौथा सागरी मैलांत. आकड्याशेजारी एकक लिहायचा कंटाळा किती महाग पडतो, ते यात दिसतं.

ही गफलत टाळायची तर ग्रेट सर्कल मॅपर (जीसीमॅप डॉट कॉम) हे साधन वापरावं. १९९६ पासून चालू आहे, फुकट आहे, अंतर बघायला नाव-नोंदणी मागत नाही. पान जुनाट दिसतं, मोबाइलवर अक्षरं बारीक होतात, मराठीत काहीही नाही. तरीही दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर काढण्यासाठी याच्याइतकं भरवशाचं आणि सुटसुटीत साधन दुसरं नाही. अंतरासाठी पाचपैकी साडेचार गुण, प्रवासाच्या वेळेसाठी दोन. हे दोन गुण कमी वाटतील, पण बहुतेक ‘शहर ते शहर अंतर’ सांगणाऱ्या साइटना वेळेसाठी एकही देता येणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

परीक्षणासाठी मुंबई–न्यूयॉर्क आणि मुंबई–सॅन फ्रान्सिस्को या दोन जोड्या घेतल्या आहेत. मुलं न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत किंवा सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात असलेल्या असंख्य मराठी घरांना हेच दोन प्रवास करावे लागतात.

वापरायचं कसं

मधल्या चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड रोमन लिपीत, मधे आडवी रेघ देऊन लिहायचे. मुंबईचा बीओएम, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. नकाशाचं बटण दाबलं की रेघ उमटते आणि खाली तक्ता येतो: कुठून, कुठे, निघतानाची दिशा अंशांत, आणि अंतर. एकाच वेळी अनेक मार्ग हवे असतील तर मधे स्वल्पविराम द्यायचा. बीओएम-जेएफके, मग स्वल्पविराम, मग बीओएम-डीएक्सबी-जेएफके असं लिहिलं की थेट मार्ग आणि दुबईमार्गे जाणारा मार्ग शेजारीशेजारी दिसतात. दुबईमार्गे जाणाऱ्याच्या दोन्ही टप्प्यांची बेरीजही मिळते. या एका सोयीसाठी हे साधन खुणेच्या यादीत (बुकमार्कमध्ये) ठेवण्याजोगं आहे, कारण तिकिटं शोधताना खरी तुलना हीच असते.

पहिलंच काम म्हणून एकक बदलून किलोमीटर करावं, कारण सुरुवातीला मैल असतात. मुंबई–न्यूयॉर्क साधारण ७,८०० मैल, म्हणजे १२,५५० किमी, म्हणजेच ६,७७७ सागरी मैल. साधा मैल १.६०९ किमीचा आणि सागरी मैल १.८५२ किमीचा. विमान कंपन्यांचे वैमानिक आणि विमानांच्या पल्ल्याचे आकडे सागरी मैलांत बोलतात, तर प्रवाशांना बक्षीस म्हणून मिळणारे ‘माइल्स’ साध्या मैलांत मोजले जातात. एकाच प्रवासाचे दोन आकडे समोर आले तर आधी हे तपासावं.

कोड लिहिताना घाई करू नये. गोव्यात दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. दोघांमध्ये बरंच अंतर आहे. बे एरियातल्या सॅन होजेचा कोड एसजेसी, पण एसजेओ टाकलं तर रेघ कोस्टा रिकाच्या सॅन होजेला जाते. आपल्या हैदराबादचा एचवायडी, सिंधमधल्या हैदराबादचा एचडीडी. इंग्लंडातलं बर्मिंगहॅम बीएचएक्स, अमेरिकेतलं बीएचएम. इस्तंबूलचा घोटाळा आणखी वेगळा: एप्रिल २०१९ मध्ये आयएसटी हा कोड जुन्या अतातुर्क विमानतळाकडून नव्या विमानतळाकडे गेला, म्हणून त्याआधीचे तक्ते आणि आजचे तक्ते जुळत नाहीत. नावाऐवजी कोडवर चालणारं साधन अचूक असतं, पण कोड चुकला तर तितक्याच अचूकपणे चुकीचं उत्तर देतं. नकाशावरची रेघ योग्य देशात संपते ना, एवढं डोळ्यांनी बघून घ्यावं.

रेघ वर का जाते

पहिल्यांदा वापरणारा हमखास विचारतो की मुंबईहून न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, मग रेघ उत्तरेकडे का वळली? तक्त्यात निघतानाची दिशा ३३३ अंश दिसते, म्हणजे जवळजवळ उत्तरच, पश्चिमेकडे जराशी कललेली. शाळेच्या भूगोलात विषुववृत्ताला बृहत्‌वृत्त म्हणतात ते आठवावं. पृथ्वीचे दोन समान भाग करणारं कुठलंही वर्तुळ बृहत्‌वृत्त (इंग्रजीत ग्रेट सर्कल, साधनाचं नाव त्यावरूनच), आणि गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट त्याच्यावरूनच जाते. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोरा धरून न्यूयॉर्कपर्यंत ताणावा. दोरा आपोआप वर सरकतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग फुगवलेला असतो, त्यामुळे ती सरळ वाट कमानीसारखी दिसते. साधनात नकाशाचा प्रकार बदलून गोलाकार दृश्य घेतलं की तीच कमान सरळ होते.

मुंबई–न्यूयॉर्कची ही वाट सिंधवरून, अफगाणिस्तानवरून, कास्पियन समुद्राच्या पूर्वेकडून, मॉस्कोच्या अगदी जवळून, फिनलंडच्या आखातावरून, स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलँडवर जाते. तिथे ती ६४–६५ अक्षांशांपर्यंत चढते, मग ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि क्यूबेक करत न्यूयॉर्कला उतरते. सॅन फ्रान्सिस्कोची वाट त्याहून नवलाची. निघतानाची दिशा फक्त १४ अंश. जयपूरच्या थोडं पश्चिमेकडून, लडाखवरून, शिनजियांग आणि सायबेरिया पार करून ती आर्क्टिक महासागरात जवळजवळ ७७ अक्षांशांपर्यंत जाते आणि मग प्रशांत किनाऱ्याकडे उतरते. अंतर सुमारे १३,५०० किमी.

आता यातली कुठली वाट विमानं खरंच घेतात? जशीच्या तशी जवळजवळ कोणीच नाही. हे साधन जे सांगत नाही ते समजून घेणं वापरणाऱ्याचं काम आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

पहिला अडथळा हवाई हद्दींचा. पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हद्द २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद ठेवली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा बंद केली. म्हणजे मुंबईहून निघालेल्या भारतीय विमानाची आदर्श वाट तासाभराच्या आतच संपते. त्याला अरबी समुद्रावरून आखाताकडे वळावं लागतं. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. रशियाचं आकाश त्याच वर्षापासून अमेरिकी आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद, पण भारतीय आणि आखाती कंपन्यांना ती बंदी नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये दोन कंपन्यांची विमानं वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या वेळात जातात. मॅपरमध्ये मात्र दोघांचं अंतर एकच.

दुसरा अडथळा डोंगरांचा. लडाखवरून तिबेटच्या पठाराकडे जाणारी रेघ नकाशावर सुंदर दिसते, पण ते पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. केबिनमधला दाब अचानक गेला तर विमानाला श्वास घेता येईल अशा उंचीवर, साधारण १०,००० फुटांवर, झटपट उतरावं लागतं. तिथे तेवढी जागा खाली नाही. जमीनच १५,००० फुटांवर आहे. म्हणून त्या भागावरून नियमित मार्ग फारसे जात नाहीत.

आणि तिसरा अडथळा वाऱ्याचा, तोच सर्वांत मोठा.

अंतर जास्त, वेळ कमी

ऑक्टोबर २०१६ मधलं एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाणाचं उदाहरण अंतर मोजणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. तोवर हे बोइंग ७७७-२०० एलआर अटलांटिकवरून जात असे, उडालेलं अंतर सुमारे १३,९०० किमी. मग ते प्रशांत महासागरावरून पाठवलं. अंतर झालं १५,३०० किमी, म्हणजे १,४०० किमी जास्त. वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी. मॅपरमध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को १२,४०० किमीच्या आसपास दिसतं. म्हणजे जे विमान सर्वांत लवकर पोचलं ते सर्वांत लांबच्या वाटेने गेलं.

कारण जेट प्रवाह. साधारण ३०,००० ते ४०,००० फुटांवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे पट्टे असतात. वेग ताशी १०० ते २०० किमी सहज, हिवाळ्यात त्याहून जास्त. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमीच्या आसपास ठरलेला असतो. जमिनीवरून मोजलेला वेग मात्र वारा मागून आहे की समोरून, यावर ठरतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी कियारा वादळाच्या वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. तोच प्रवास उलट दिशेने सात-आठ तासांचा असतो. अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे ५,५५० किमी.

म्हणूनच ‘अंतर भागिले वेग’ करून वेळ सांगणाऱ्या साइटवर विश्वास ठेवू नये. त्यांचा नेहमीचा ठोकताळा म्हणजे ताशी ५०० मैल वेग धरायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास जोडायचा. मुंबई–न्यूयॉर्कला यातून सोळा तास निघतात, आणि जाताना ते योगायोगाने बरोबर येतात. पण परतीलाही तेच सोळा दाखवतात, तिथे दीड तासाची चूक होते. जाणं आणि येणं एकाच वेळेचं दाखवणारी साइट दिसली की ती वाऱ्याचा विचारच करत नाही, हे समजावं. ग्रेट सर्कल मॅपरमध्ये वेग आपण स्वतः भरायचा असतो आणि तो त्यावरून वेळ काढून देतो. हा प्रामाणिकपणा आवडण्यासारखा आहे, पण कुठला वेग भरायचा हे माहीत नसलेल्याला त्याचा उपयोग नाही. म्हणून ते दोन गुण.

घरच्या घरी बऱ्यापैकी जवळचं उत्तर काढायची रीत अशी. मॅपरमधलं अंतर घ्या आणि त्यात वळशासाठी ५ टक्के मिळवा. वाटेत मोठी बंद हद्द असेल तर ८ ते १०. पश्चिमेकडे जाताना ताशी ८५० किमीने भागा, पूर्वेकडे येताना ९५० ने. शेवटी धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांसाठी ३५ मिनिटं जोडा.

मुंबई–न्यूयॉर्क: १२,५५० आणि ५ टक्के मिळून १३,१८० किमी. जाताना ८५० ने भागलं की साडेपंधरा तास, अधिक ३५ मिनिटं, म्हणजे सोळा तास पाच मिनिटं. येताना ९५० ने भागलं की तेरा तास बावन्न मिनिटं, अधिक ३५, म्हणजे साडेचौदाच्या आत-बाहेर. मुंबई–लंडन: ७,२०० चे ७,५६० झाले, जाताना साडेनऊ तास, येताना साडेआठच्या वर थोडं. वेळापत्रकाशी हे ताडून बघितलं तर लंडनहून परतीचा छापील वेळ आपल्या उत्तरापेक्षा जरा जास्त असतो. कंपन्या वेळापत्रकात हातचे काही राखून ठेवतात: मुंबईच्या आकाशात गर्दी झाली की विमानाला घिरट्या घालाव्या लागतात, आणि पावसाळ्यात तर हे नित्याचं.

ही रीत सॅन फ्रान्सिस्कोला लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथे रेघ जवळजवळ ध्रुवावरून जाते आणि प्रत्यक्षातलं विमान पूर्वेकडून की पश्चिमेकडून जाईल हेच बदलतं. अशा जोड्यांसाठी अंदाज करत बसू नये. मागच्या आठवड्याभरातल्या खऱ्या उड्डाणांची नोंद बघावी. फ्लाइटरडार२४ वर उड्डाण क्रमांक टाकला की फुकट वापरात मागच्या सात दिवसांचे मार्ग आणि वेळ दिसतात. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तो वेळ चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचा असतो, आणि तिकिटावरचा वेळ गेट ते गेट. दोघांत अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. केनेडीसारख्या विमानतळावर संध्याकाळच्या गर्दीत धावपट्टीच्या रांगेतच अर्धा तास जातो.

पल्ल्याची वर्तुळं

मॅपरमधली फारशी वापरली न जाणारी, पण फार उपयोगी सोय म्हणजे पल्ल्याचं वर्तुळ. पल्ल्याच्या चौकटीत आकडा, एकक, मग ईमेलमध्ये असतं ते ‘ॲट’चं चिन्ह आणि कोड लिहिला की त्या विमानतळाभोवती वर्तुळ उमटतं. बोइंग ७७७-३०० ईआरचा कंपनीने दिलेला पल्ला ७,३७० सागरी मैल. मुंबईभोवती हे वर्तुळ काढलं की न्यूयॉर्क आरामात आत येतं आणि सॅन फ्रान्सिस्को, ७,३०० सागरी मैलांवर, अगदी कडेला टेकतं. कागदावर जमतं, प्रत्यक्षात नाही. कारण तो पल्ला वारा नसताना आणि पोटात माल नसताना मोजलेला असतो. वर ५ टक्के वळसा जोडला की सॅन फ्रान्सिस्को वर्तुळाबाहेर गेलंच. त्यापेक्षा ७७७-२०० एलआरचा पल्ला मोठा आहे, सुमारे ८,५५५ सागरी मैल; अशा लांब मार्गांवर तेच विमान का दिसतं ते या वर्तुळातून समजतं.

लांब उड्डाण महाग का, याचंही उत्तर इथेच आहे. ७७७-३०० ईआर तासाला साधारण सात ते आठ टन इंधन जाळतं. सोळाव्या तासाला लागणारं इंधन आधीचे पंधरा तास वाहून न्यावं लागतं, आणि ते वाहायला पुन्हा इंधन लागतं. समोरचा वारा जोराचा असला की काही वेळा जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात किंवा वाटेत इंधनासाठी उतरावं लागतं. सिंगापूर–न्यूयॉर्क हे सुमारे १५,३५० किमीचं उड्डाण सिंगापूर एअरलाइन्स एअरबस ए३५०-९०० यूएलआर या खास विमानाने करते. त्यात फक्त १६१ जागा आहेत आणि साधी इकॉनॉमी नाहीच.

मधे थांबलं तर किती लांब पडतं

इथे मॅपरचा खरा उपयोग. ‘थेट विमान म्हणजे कमी अंतर, थांबा म्हणजे मोठा वळसा’ अशी समजूत असते. तक्ता काढून बघा. मुंबई–दुबई १,९२५ आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० मिळून १२,९५० च्या आत. थेटपेक्षा फक्त ४०० किमी जास्त. लंडनमार्गे ७,२०० आणि ५,५५०, म्हणजे १२,७५० च्या आसपास, फरक दोनशेचा. दिल्लीमार्गे सुमारे १,१४० आणि ११,७६०; साडेतीनशे जास्त. दोहामार्गे थोडं अधिक, पाचशेच्या घरात. म्हणजे पश्चिमेकडच्या कुठल्याही मोठ्या थांब्याने न्यूयॉर्कला हवेत फार तर अर्धा-पाऊण तास वाढतो. बाकी सगळा वेळ जमिनीवर जातो. तिकिटांची तुलना करताना किलोमीटर बघण्यात अर्थ उरत नाही, थांब्याचे तास बघावेत.

सिंगापूरमार्गे न्यूयॉर्कला मात्र ३,९०० आणि १५,३५० मिळून १९,२५० किमी होतात. जवळजवळ ६,७०० किमीचा फेरा. तिकीट स्वस्त दिसलं तरी वयस्कर आईवडिलांना या वाटेने पाठवू नये. सॅन फ्रान्सिस्कोला हिशेब बदलतो: दुबईमार्गे सुमारे १४,९६५, हाँगकाँगमार्गे १५,४०० च्या आसपास, सिंगापूरमार्गे साडेसतरा हजार. हाँगकाँगमार्गे अंतर चारशेने जास्त असूनही जाताना प्रशांत महासागरावर वारा मागून मिळतो, त्यामुळे वेळेत ती वाट मागे पडत नाही. परतीला मात्र तोच वारा तोंडावर येतो.

जमिनीवरचा वेळ मोजताना एक गोष्ट मॅपर कधीच सांगणार नाही. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन, मग सामान घेऊन पुन्हा द्यायचं, मग पुढचं देशांतर्गत विमान. याला तीन तासांपेक्षा कमी ठेवले तर गाडी चुकण्याची तयारी ठेवावी. अबूधाबीहून जाणाऱ्यांना यातून मोठी सूट आहे: तिथे अमेरिकी अधिकारी उड्डाणाआधीच इमिग्रेशन करून टाकतात, आणि अमेरिकेत उतरल्यावर प्रवासी देशांतर्गत प्रवाशासारखा सरळ बाहेर पडतो. अर्थात तेवढा वेळ अबूधाबीत हवा, म्हणून तिथला थांबा दोन तासांचा घेऊ नये. डब्लिन आणि शॅननलाही हीच सोय आहे.

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास जायचं असेल तर जेएफकेऐवजी नेवार्कचा ईडब्ल्यूआर कोड टाकून बघावा. मुंबईपासून अंतर जवळपास तेवढंच, पण उतरल्यावरचा रस्ता जवळजवळ निम्मा होतो आणि न्यूयॉर्कचे पूल-बोगदे टळतात. पुणेकरांनी हिशेबात मुंबई विमानतळापर्यंतचे चार तास आणि उड्डाणाआधीचे तीन तास धरावेत. पुण्याहून दिल्ली गाठून पुढे जाणं अनेकदा त्याहून सोपं पडतं.

घड्याळाची गल्लत

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेनऊचं. हिवाळ्यात मुंबईहून पहाटे २ ला निघून सकाळी साडेसातला पोचणारं विमान साडेपाच तासांत पोचत नाही. साडेपाच अधिक साडेदहा म्हणजे सोळा तास. परतीला उलट करायचं: न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबईत, म्हणजे पंचवीस तास दिसतात, त्यातून साडेदहा वजा केले की साडेचौदा. जाताना मिळवा, येताना वजा करा.

अमेरिका घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे नेते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणते. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांतलं अंतर पाचऐवजी चार तासांचं असतं. भारत आणि दुबई यांची घड्याळं वर्षभर हलत नाहीत. महिनोन्‌महिने आधी काढलेल्या तिकिटाचा लंडनचा थांबा या आठवड्यांत तासाभराने लहान किंवा मोठा झालेला असू शकतो, म्हणून या तारखांच्या आसपासचं तिकीट असेल तर निघण्याआधी पंधरा दिवस दोन्ही टप्प्यांच्या वेळा कंपनीच्या पानावर पुन्हा बघून, थांब्याचे तास नव्याने मोजून घ्यावेत.